गणिताचे डिजिटल ग्रंथालय

गणिताचे डिजिटल ग्रंथालय म्हणजे गणितातील शोधनिबंध, ग्रंथ, व्याख्यान-टिपणे व सूची संगणकीय स्वरूपात एकत्र आणून सर्वांना उपलब्ध करून देणारी सामायिक व्यवस्था होय. सिद्ध झालेले प्रमेय कालबाह्य होत नाही. त्यामुळे गणितज्ञांना जुन्या नियतकालिकांचीही सतत गरज भासते.

जागतिक प्रयत्न

आंतरराष्ट्रीय गणित संघाने २००६ मध्ये अशा ग्रंथालयाच्या संकल्पनेस मान्यता दिली. १९९१ मध्ये सुरू झालेले 'अर्काइव्ह' हे भांडार प्रकाशनपूर्व निबंध विनामूल्य देते, तर 'झेडबीमॅथ' ही समीक्षासूची २०२१ पासून सर्वांसाठी खुली आहे. जुनी पृष्ठे केवळ प्रतिमारूपात साठवल्यास त्यांतील सूत्रांचा शोध घेता येत नाही, ही या कामातील एक प्रमुख अडचण आहे.

महाराष्ट्र

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकापासून प्रसिद्ध केलेली गणितविषयक व्याख्यान-टिपणे संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. त्यांत लोराँ श्वार्त्झ व कार्ल लुडविग सीगेल यांच्या व्याख्यानांचा समावेश आहे.

गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'एन-लिस्ट' कार्यक्रमातून महाविद्यालयांना ई-ग्रंथ व नियतकालिके मिळतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. मात्र ती केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्रीय संशोधन संस्थांसाठी आहे. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्यांत, पुणे शहरातील मोठ्या ग्रंथालयांपासून दूर राहून गणिताचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थी-शिक्षकांच्या दृष्टीने खुल्या संग्रहांचे महत्त्व कायम आहे.