पाठीने वाचलेला शिलालेख

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात सिन्नरच्या गोंदेश्वराची एकसंध रेखीवता शोधणारा अभ्यासक निराश होतो. महाद्वार, सभामंडप, सोळखांबी, चौखांबी आणि गर्भगृह ही मालिका निरनिराळ्या शतकांत घडत, मोडत, पुन्हा उभी राहत आली आहे. म्हणूनच या वास्तूचा इतिहास आम्हांला दगडांइतकाच उपासनेतही शोधावा लागतो.

याची सर्वांत बोलकी साक्ष म्हणजे 'चौऱ्यांशीचा शिलालेख'. यादव राजा रामचंद्रदेवाच्या काळातील, शके ११९५ ते ११९९ (इ. स. १२७३ ते १२७७) दरम्यान कोरलेली ही मंदिराला मिळालेल्या देणग्यांची नोंद. ज्ञानेश्वरी सिद्ध होण्याच्या तेरा वर्षे आधी ती पूर्ण झाली. देवस्थानामागे केवळ राजा नव्हे, दाते भक्तही उभे होते, हे तीतून उमगते. पुढे मात्र या शिळेला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा रूढ झाली. दात्यांची नावे जपणारा दगड भक्तांच्याच पाठींनी झिजू लागला. इतिहासकाराला ही हानी वाटेल. भक्ताच्या लेखी तेच त्या दगडाचे वाचन होते.

स्पर्शाचा अधिकार मात्र सर्वांना सारखा नव्हता. बडव्यांकडे व्यवस्था, पुजाऱ्यांकडे पूजा, बेणाऱ्यांकडे मंत्र, हरिदासांकडे गायन, डिंगऱ्यांकडे आरसा, दिवट्यांकडे दिवटी: काकड्यापासून शेजारतीपर्यंतचे नित्योपचार वंशपरंपरेने वाटलेले. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी, म्हणजे उंबऱ्याबाहेर. ज्या देवाच्या पायांवर थेट डोके टेकवता येते, त्याच्या दारात अस्पृश्यता पाळली जात होती, ही विसंगती १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणाने ऐरणीवर आणली आणि मंदिर दलितांना खुले झाले. १९७३ च्या कायद्याने वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आणले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला मात्र २०१४ उजाडले.

मंदिराचे 'मूळ रूप' जपण्याची भाषा आज सर्वत्र ऐकू येते. ती योग्यच आहे. तथापि पंढरीचे मूळ रूप कोणते? तेराव्या शतकातील अक्षरे, की त्यांना पुसट करणाऱ्या पाठी? अक्षरांचे रक्षण व्हावे, हे नि:संशय. पण त्यांच्याशेजारी त्या झिजेचीही नोंद असावी. नाहीतर दगड वाचेल आणि त्याला झिजवणाऱ्यांचा इतिहास हरवेल.