सामाईक सुटे भाग (मोटारगाड्या)

एकाच उद्योगसमूहातील आलिशान व सर्वसामान्य ब्रँडच्या गाड्यांत सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग असे भाग समान वापरण्याची पद्धत. साचे आणि चाचण्या यांचा अवाढव्य खर्च त्यामुळे अनेक मॉडेलांवर विभागला जातो.

फोक्सवॅगन समूहाने 2012 मध्ये आणलेल्या ‘एमक्यूबी’ रचनेत पुढच्या चाकांचा आस आणि पेडल यांतील अंतर पक्के असते. लांबी, रुंदी, पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर मात्र हवे तसे बदलता येते. म्हणूनच त्या काळातील ऑडी ए3, फोक्सवॅगन गोल्फ आणि स्कोडा ऑक्टाव्हिया दिसायला वेगळ्या, आतून सख्ख्या बहिणी. बेंटली बेंटायगा व लॅम्बोर्गिनी उरुस यांचा पायाही ऑडी क्यू7चाच.

हे दरवेळी पचतेच असे नाही. शेव्हरोले कॅव्हेलियरवर वरवरचा साज चढवून जनरल मोटर्सने 1981 मध्ये कॅडिलॅक सिमरॉन आणली. गिऱ्हाइकाने ती ओळखली आणि 1988 मध्ये ती बंद झाली. याउलट ॲस्टन मार्टिन डीबी7ला मागचे दिवे माझदा 323चे होते (दोन्ही कंपन्यांत तेव्हा फोर्डचे भांडवल), तरी तिच्या देखणेपणाची तारीफच झाली. उसनवारीपेक्षा आळशी रचना जास्त नडते.

महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात स्कोडा व ऑडी या दोन्ही ब्रँडच्या गाड्यांची जुळणी झाली आहे. फोक्सवॅगन समूहाच्या सुट्या भागांवर क्रमांक छापलेला असतो. भाग बदलताना तो शेवटच्या अक्षरासकट ताडून पाहावा.