लिबटूल: काय झाकलं, काय विचारावं लागलं

मागच्या व्याख्यानात आपण ऑटोकॉन्फ पाहिलं. आज त्याच्या सोबत्याकडे, लिबटूलकडे वळू.

सनओएस ४.० ने १९८८ मध्ये शेअर्ड लायब्ररीची जी पद्धत आणली, तीच पुढे सिस्टीम फाइव्ह रिलीज ४ ने उचलली. फायदा उघड होता: लायब्ररीची एकच प्रत अनेक प्रोग्राम वापरणार. पण प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. लिनक्सवर फाइलीचं शेपूट '.एसओ', एचपी-यूएक्सवर '.एसएल', तर एआयएक्सवर शेअर्ड लायब्ररीही '.ए' संग्रहात ठेवलेली. लिंकरला द्यायच्या सूचनाही निराळ्या. लायब्ररी लिहिणाऱ्याने किती यंत्रणा पाठ करायच्या?

१९९६ मध्ये गॉर्डन मॅट्झिगकाइट यांनी लिबटूल सुरू केलं. मुळात ती एक शेल स्क्रिप्ट. आपण एकच आज्ञा द्यायची; त्या त्या लिंकरला कळेल अशी ती करून देणं हे तिचं काम.

इथवर प्रश्न नावांचा आणि सूचनांचा होता. पुढे नियमांचा आला. लिनक्सवर लायब्ररीतली काही नावं न जुळता राहिली तरी एरवी चालतं. ती प्रोग्राम चालताना शोधली जातात. विंडोजवर मात्र डीएलएल बनतानाच प्रत्येक नावाचा पत्ता लागावा लागतो. आता ही लायब्ररी तशी स्वयंपूर्ण आहे का, हे स्क्रिप्ट कसं ओळखणार? म्हणून लिबटूल लेखकाकडूनच हमी मागतं: 'नो-अनडिफाइन्ड'. ती नसेल तर विंडोजवर इशारा देऊन फक्त स्टॅटिक लायब्ररी बनते. लिनक्सवर काम करणाऱ्याचं तिच्यावाचून काही अडत नाही, त्यामुळे ती राहून जाते, आणि दुसऱ्याच कुणाला विंडोजवर डीएलएल का मिळत नाही म्हणून डोकं खाजवावं लागतं.

याची उलट बाजूही आहे बरं का. एका लायब्ररीला आणखी कोणत्या लायब्ररी लागतात, हे लिबटूल '.एलए' नावाच्या छोट्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवतं. ज्या यंत्रणा ही माहिती लायब्ररीत ठेवत नाहीत, तिथे ती हवीच. लिनक्सवर मात्र ईएलएफ फाइलीत ती आधीच असते. तरी लिबटूल ती सगळी यादी जोडत राहिलं, आणि प्रोग्राम थेट वापरत नसलेल्या लायब्ररींनाही बांधले गेले. त्यातल्या एखादीची आवृत्ती बदलली, की हेही पुन्हा बिल्ड करा! शेवटी डेबियनने पॅकेजांतल्या '.एलए' फाइली काढायला किंवा त्यांतली यादी रिकामी करायला सुरुवात केली.

म्हणजे नावांतला फरक साधनाने झाकला ते बरंच झालं. नियमांतला फरक मात्र लिहिणाऱ्याला विचारावाच लागतो, आणि एका यंत्रणेची गरज सगळ्यांवर लादली की भार दुसरीकडे पडतो.