मृद्-खनिजांवरील रासायनिक संस्कार

मातीतील २ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कणांमधील खनिजे क्ष-किरण विवर्तनाने ओळखण्यापूर्वी नमुन्यावर केल्या जाणाऱ्या प्रक्रिया. पालघरजवळच्या शिरगावसारख्या किनारी भागातील खारट मातीत विद्राव्य क्षार आधी धुवावे लागतात; अन्यथा बारीक कणांचे पुंजके होऊन ते लवकर तळाशी बसतात व वेगळे करता येत नाहीत. शिंपल्यांचा चुना आम्लधर्मी सोडियम ॲसिटेटने, सेंद्रिय द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडने आणि लोहाची ऑक्साइडे सायट्रेट-बायकार्बोनेट-डायथायोनाइट विद्रावाने काढतात. ही शेवटची पद्धत मेहरा व जॅक्सन यांनी १९६० मध्ये मांडली.

नंतर नमुन्याचे भाग मॅग्नेशियम व पोटॅशियम आयनांनी संपृक्त करून काचपट्टीवर वाळवतात. बेसॉल्टपासून बनलेल्या काळ्या मातीतील प्रमुख खनिज स्मेक्टाइट होय. मॅग्नेशियम-संपृक्त स्मेक्टाइटमधील थरांचे सुमारे १.४–१.५ नॅनोमीटर अंतर एथिलीन ग्लायकॉलमुळे १.७ पर्यंत वाढते. व्हर्मिक्युलाइटचे १.४ नॅनोमीटर अंतर पोटॅशियममुळे सुमारे १.० होते, क्लोराइटचे बदलत नाही. इलाइट सर्व संस्कारांत १.० वर स्थिर राहते. केओलिनाइटचे ०.७२ नॅनोमीटरचे शिखर ५५०° से. तापमानास नाहीसे होते.

तीव्र आम्लाने काही मृद्-खनिजांचीच रचना बिघडते, म्हणून चुना काढताना ते टाळतात.