सिलचर ते केडगाव : पंडिता रमाबाईंना लाभलेला दिलासा

परप्रांतात मराठी मंडळे कशासाठी निघाली, असे विचारले तर गणेशोत्सव, नाटके, वाचनालय ही उत्तरे चटकन सुचतात. परंतु जुन्या सभासदांपाशी निवांत बसावे, म्हणजे आणखी एक उत्तर हळूच पुढे येते. परमुलखात घरी मृत्यू ओढवला, तर खांदा द्यायला चार आपली माणसे हवीत. सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी ही अशुभ वाटणारी गोष्ट काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण जिची कथा मला सांगावयाची आहे, तिचा आरंभच तेथे आहे.

१८७४ साली दक्षिणेत दुष्काळ पडला होता. तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडणाऱ्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाला त्याने गाठले. आधी शास्त्रीबुवा गेले, मागोमाग त्यांची पत्नी लक्ष्मीबाई गेल्या. लक्ष्मीबाईंची तिरडी उचलावयास माणसे मिळेनात. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली; तिसरा खांदा मुलाचा आणि चौथा धाकट्या मुलीचा. मुलगी सोळा वर्षांची, अंगाने ठेंगणी. तिचा खांदा पुरेना म्हणून तिने तिरडी डोक्यावर घेतली. ही मुलगी म्हणजे पुढे सर्व हिंदुस्थानास ठाऊक झालेल्या पंडिता रमाबाई. थोडक्याच अवधीत थोरली बहीणही गेली.

रमाबाईंच्या धर्मांतरावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी त्यास स्वधर्मद्रोह म्हटले, कोणी प्रकाशाचा विजय म्हटले. तो वाद येथे उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. मात्र दोन्ही पक्षांच्या लेखनात एक गोष्ट बहुधा निसटते, ती म्हणजे ह्या बाईचे दुःख. तिला ख्रिस्ती श्रद्धेत दिलासा मिळाला हे खरे. परंतु तो किती उशिरा आणि किती भांडून मिळाला, हे पाहिल्यावाचून तिचे चरित्र कळत नाही.

उरलेली दोघे बहीणभाऊ पायी हिंडत उत्तरेस काश्मीरपर्यंत गेली आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी तिची विद्वत्ता पाहून ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. ख्रिस्ती मंडळींची पहिली सभा तिने तेथेच पाहिली. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून काही पुटपुटत होते. तेव्हा हे खुर्चीची पूजा करतात की काय, असे तिला वाटले! तिला संस्कृत बायबलची एक प्रतही मिळाली. ती वाचून मनावर काही उमटले नाही.

१८८० साली डाक्क्यास भाऊ श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. वर शूद्र मानलेल्या जातीचा, वधू चित्पावन. दोन्ही समाज दुरावले. आसामातील सिलचर येथे त्यांचा संसार उणापुरा एकोणीस महिने चालला. तेथे घरच्या पुस्तकांत तिला लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. ती कोठून आली हे तिलाही आठवत नव्हते. ॲलन नावाचे एक बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन सृष्ट्युत्पत्तीची बायबलमधील कथा समजावून सांगत. तिला ते पटू लागले होते. पण मिशनच्या शाळेत शिकलेल्या पतीला पत्नीचे ख्रिस्ती होणे मुळीच मान्य नव्हते. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांचा अंत झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच आईबाप, बहीण, भाऊ, पती हे सारे गेलेले. पदरी वर्षाचेही न झालेले मनोरमा हे मूल.

ती पुण्यास आली. पुण्याने तिचा गौरव केला, आर्य महिला समाज तिच्या हातून स्थापन झाला. पण टीकाही कमी झाली नाही. पुण्यात तिचा परिचय फादर नीलकंठशास्त्री गोरे यांच्याशी झाला. हेही एक बृहन्महाराष्ट्रीयच. काशीत वाढलेले चित्पावन आणि १८४८ साली ख्रिस्ती झालेले. रमाबाई इंग्लंडला गेल्यावर त्यांनी जे लिहून पाठविले, त्याने आपली बुद्धी पटली असे त्यांनी पुढे सांगितले आहे. हृदय मात्र निराळ्या ठिकाणी हलले. लंडनातील फुलम येथे भगिनीसंघाच्या आश्रमात ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा चालताना त्यांनी पाहिली. अशा बायकांबद्दल दया बाळगावी असे आपल्या शास्त्रांत कोठे वाचल्याचे त्यांना आठवेना. हे कशामुळे घडते, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. जिला गाव टाळते, तिच्याशी विहिरीकाठी बसून बोलणारा गुरू! जिच्या आईच्या प्रेताला चार खांदे मिळाले नव्हते, त्या बाईला ही कथा कशी ऐकू आली असेल, याची कल्पना करावी.

तरीही दुःख पाठ सोडीत नव्हते. बरोबर आलेली सखी आनंदीबाई भगत हिने वाँटेज येथे विष घेऊन प्राण दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ह्या दोन घटनांचा संबंध काय, ह्यावर तर्क लढविले गेले आहेत; मी लढवीत नाही.

बाप्तिस्मा झाला म्हणजे मन शांत झाले, असे मात्र नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला, तो वाचताना ही शिष्या आहे की प्रतिपक्षाची वकील, असा प्रश्न पडतो. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटत नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्या विचारतात. पुरोहितांचे एक जोखड नुकतेच टाकले असता दुसरे मानेवर घेणार नाही, असे बजावतात. दुःखी माणसाने दिलासा देणाऱ्यापुढे मान तुकवावी, ही जगाची अपेक्षा त्यांनी धुडकावली. मला त्यांचा हा भाग सर्वांत मोठा वाटतो.

‘माझी साक्ष’ ह्या आपल्या १९०७ सालच्या कथनात त्यांनी प्रांजळपणे कबूल केले आहे की, बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. त्यास आणखी आठ वर्षे लागली. १८९१ च्या सुमारास आपण आहो तशा स्वीकारल्या गेलो, हा विश्वास त्यांच्या मनात रुजला. बुद्धीच्या वादात न मिळालेली शांती तेव्हा मिळाली.

ती शांती स्वस्त नव्हती. १८८९ साली मुंबईत काढलेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यास आले. मुलींना ख्रिस्ती केले जाते ह्या आरोपावरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाशी संबंध तोडला. त्यांचीही बाजू होती. आपल्या भरवशावर पालकांनी मुली पाठविल्या, ही त्यांची जबाबदारी होती. रमाबाईंना मात्र आपल्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी मुलींवर लावून घेणे मान्य नव्हते. माणसे पुन्हा एकदा दुरावली.

१८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. तेथील वार्ता ऐकताच स्वतःचे भुकेचे दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले आणि त्या तिकडे धावल्या. शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथे शेती होती, माग होते, छापखाना होता. मनोरमा अंध मुलींना ब्रेल शिकवी. फुलमला जे पाहिले होते, त्याचे मराठी रूप ‘कृपासदन’ ह्या नावाने तेथे उभे राहिले.

अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली. साध्या बाईला ते कळावे, हा हेतू. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या मुली आश्रमातल्याच. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलते एक, चाळिशीचे लेकरू. कानांनी बहिऱ्या, शरीराने थकलेल्या रमाबाई मुद्रिते तपासीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा भाषांतराचे काम पुरे झालेले होते. ह्या वेळी खांदा देणाऱ्यांची वाण नव्हती.