खामगावचा बाजार आणि अर्थशास्त्राची पदवी

अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्यांनी काय कोणत्या क्रमाने शिकावे, हे आपल्याकडे जवळपास ठरून गेले आहे: आधी सूक्ष्म, मग स्थूल, पुढे चलन-बँकिंग आणि सार्वजनिक आयव्यय, आर्थिक इतिहास उरल्यासुरल्या जागेत. बुलडाणा जिल्ह्यापुरता तरी हा क्रम उलटा लागला आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले, अमरावतीचे १९८३ साली. पण बाजार म्हणजे काय, तो कोण चालवतो आणि नियम कोणासाठी होतात, हा वाद याच जिल्ह्यातल्या खामगावच्या कापूस बाजारात त्यांच्या कितीतरी आधी उभा राहिला होता.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला भाव आला. १८७० साली जलंब-खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा रेल्वे फाटा सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आला, यावरूनच त्या कापसाचे वजन कळावे. पण वाहतूक स्वस्त झाली म्हणून शेतकऱ्याच्या पदरात पडणारी रक्कम आपोआप वाढत नाही. गाडी बाजारात उभी राहिली की अडत, तोलाई, हमाली आणि वजनातली कटती सुरू. या व्यवहाराला वेसण घालणारा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा १८९७ साली झाला. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, म्हणून तो कुठल्या विधिमंडळातून आला नाही. हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या अंमलाखाली आला. बाजाराला हद्द मिळाली, दलाल-मापाड्यांना परवाने लागू झाले, देखरेखीला समिती आली. मुंबई प्रांताला असा कायदा करायला १९२७ साल उजाडले, आणि पुढच्याच वर्षी शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस देशभरासाठी केली. मेख अशी, की वऱ्हाडच्या त्या समितीत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती; पिकवणाऱ्याला मात्र हक्काची जागा नव्हती. शिवाय कायद्याला तीन वर्षे होतात न होतात तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. रेल्वे होती, नगदी पीक होते, नियमांचा बाजार होता, तरी माणसे उपाशी राहिली. धान्य आणता येत होते. मजुरी बुडालेल्याकडे ते घ्यायला पैसा नव्हता. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ एकाच पुस्तकात मांडले ते उगीच नव्हे.

म्हणून हा इतिहास पदवीच्या सुरुवातीलाच शिकवावा. यावर पहिला आक्षेप येईल तो स्पर्धा परीक्षांचा. तिथे खामगाव विचारत नाहीत, लवचिकता विचारतात. खरे आहे. पण गरज आणि मागणी यांतला फरक १९०० सालच्या वऱ्हाडात जितका स्वच्छ दिसतो, तितका आलेखात दिसत नाही. दुसरा आक्षेप जड आहे: सिद्धान्त हाताशी नसेल तर इतिहास म्हणजे नुसती सनावळी होईल. म्हणून सिद्धान्ताचे पेपर कमी करा, असे कोणी म्हणत नाही. पहिल्याच सत्रात सूक्ष्म अर्थशास्त्राच्या जोडीला बाजाराचा इतिहास ठेवावा, इतकेच. दलालांची मक्तेदारी धड्यात येईल त्याच आठवड्यात १८९७ ची समिती समोर असावी. ते नियम लँकेशायरला निर्मळ कापूस मिळावा म्हणून केले, शेतकऱ्यासाठी नव्हेत, असे कोणी म्हणाले तर उत्तमच. नियमन कोणाच्या सोयीने होते, हाच तर तिथे शिकायचा प्रश्न.

बाजार प्रत्यक्ष पाहायला नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्पाला जागा आहे. अडचण आहे ती वेळापत्रकाची. कापसाची आवक वाढते दिवाळीच्या आगेमागे, आणि नेमकी तेव्हाच सत्र परीक्षा आणि सुट्टी. प्रकल्प उन्हाळ्यात ठेवला, तर मुले रिकामे ओटे मोजून परत येतील.