भाकरी कोणती सरस? अनेक चव-चाचण्यांचे आकडे एकत्र कसे वाचतात

डोळे, नाक, जीभ आणि बोटे यांनाच मोजमापाचे साधन मानून पदार्थाची पारख करण्याच्या पद्धतीला संवेदी मूल्यमापन म्हणतात. एका माणसाने एक पदार्थ चाखून 'छान' म्हणणे सोपे असते. तोच पदार्थ चार नमुन्यांत, वीस जणांसमोर, तीन वेगवेगळ्या दिवशी आणि पाच गुणांवर तपासला की हातात शेकडो आकडे येतात. त्यांतून 'हा नमुना खरोखर सरस आहे' असे कधी म्हणता येते आणि कधी येत नाही, हे संख्याशास्त्र ठरवते.

श्रीरामपूरच्या आसपास या प्रश्नाला जुने आणि व्यवहारी कारण आहे, ते म्हणजे ज्वारी. कालव्याच्या पाण्यामुळे खुद्द श्रीरामपूर तालुका उसाचा झाला. पण शेजारच्या राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि रब्बी ज्वारीची अनेक वाणे तिथूनच आली आहेत. हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा व फुले रेवती अशी ती जमिनीप्रमाणे वाटलेली आहेत. काही वाणे तर थेट पदार्थासाठीच काढली आहेत. हुरड्यासाठी फुले उत्तरा आणि फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी, पापडासाठी फुले रोहिणी. हुरड्याचे वाण एकरी उत्पन्नावर निवडून भागत नाही. ते कुणीतरी आगटीशी बसून खावेच लागते.

खाऊन न पाहण्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. सीएसएच-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण १९६४ साली प्रसारित झाले. खरिपातल्या संकरित वाणांनी उत्पादन वाढवले, पण दाणे पक्व होताना पाऊस लागला तर ते काळे पडत आणि 'हायब्रीडच्या भाकरी'ला घराघरांत नाके मुरडली जात. बाजारात भावही कमी मिळे. उलट सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, आजही रब्बीत तुलनेचा मापदंड मानली जाते. नवे वाण आले की पहिला प्रश्न असतो, 'मालदांडीसारखी भाकरी होते का?'

पहिली चाचणी: फरक कळतो का?

आवडीच्या आधी फरक ओळखता येतो का, हे पाहावे लागते. त्यासाठी त्रिकोण चाचणी वापरतात. प्रत्येकाला तीन तुकडे द्यायचे, त्यांतले दोन एकाच पिठाचे आणि तिसरा वेगळ्या पिठाचा. वेगळा कोणता, एवढेच विचारायचे. काहीच कळले नाही तरी अंदाजाने तीनपैकी एकदा उत्तर बरोबर येते. म्हणून २४ जणांत ८ बरोबर उत्तरे म्हणजे काहीच सिद्ध झाले नाही. निव्वळ नशिबाने असा निकाल येण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली न्यायची असेल, तर २४ पैकी किमान १३ उत्तरे बरोबर यावी लागतात.

या विचाराचे मूळ इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातल्या चहात आहे. कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळते, असे तिथल्या म्युरिएल ब्रिस्टॉल या शास्त्रज्ञ बाईंचे म्हणणे होते. रोनाल्ड फिशर यांनी त्यावर आठ कपांचा प्रयोग रचला, चार कप एका पद्धतीचे आणि चार दुसऱ्या. आठांतून चार निवडण्याच्या ७० रीती आहेत, म्हणजे सगळे कप नशिबाने अचूक ओळखण्याची शक्यता ७० त १. फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात हेच उदाहरण घेऊन प्रयोगरचनेचे तत्त्व मांडले.

दुसरी चाचणी: किती आवडले?

इथे नऊ गुणांची हेडोनिक पट्टी येते. ९ म्हणजे अतिशय आवडले, ५ म्हणजे ना आवडले ना नावडले, १ म्हणजे अजिबात आवडले नाही. अमेरिकी सैन्याच्या अन्नसंशोधन संस्थेत डेव्हिड पेरियम आणि सहकाऱ्यांनी १९४०-५० च्या सुमारास ती तयार केली. सैनिक ताटात काय टाकून देतात, ही तिथली काळजी होती. भारतात अन्नतंत्र आणि दुग्धशास्त्राच्या बहुतेक प्रबंधांत आज हीच पट्टी दिसते.

या गुणांचे विश्लेषण करताना मराठी मुलखातल्या दोन संख्याशास्त्रज्ञांची आठवण होते. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांचे शेती-संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि कृषी विद्यापीठांतल्या कित्येक पिढ्यांनी ते वापरले. त्यातली गटवार रचना शेतासाठी सांगितली जाते. वावराचा एक कोपरा सुपीक असतो, दुसरा हलका. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात सगळी वाणे लावायची आणि तुलना कोपऱ्याच्या आतच करायची. चव-चाचणीत ही कोपऱ्याची जागा माणूस घेतो. कुणी मुळातच हात सैल सोडून ७-८ गुण देतो, कुणी ५ च्या वर जात नाही. प्रत्येकाने सगळे नमुने चाखले आणि विश्लेषणात 'चाखणारा' हा वेगळा घटक धरला, तर हा स्वभावातला फरक बाजूला काढता येतो. तो न काढता नुसत्या सरासऱ्या लावणे ही अशा तुलनांमधली सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण खरा फरक त्या गोंधळात बुडून जातो.

तिसरी चाचणी: क्रम लावा

अनेकांना गुण देणे अवघड जाते, पण पहिला-दुसरा-तिसरा सांगणे जमते. समजा, श्रीरामपुरातल्या एका बचत गटाने चार पिठांच्या भाकऱ्या २० जणांना दिल्या आणि क्रम लावायला सांगितला. पहिल्याला १, शेवटच्याला ४. प्रत्येक नमुन्याच्या क्रमांकांची बेरीज अशी आली: अ ३६, ब ४२, क ५५, ड ६७. (एकूण २०० यायलाच हवी. प्रत्येकाची बेरीज १०, माणसे २०.)

मिल्टन फ्रीडमन यांनी १९३७ मध्ये अशाच क्रमवारीसाठी चाचणी दिली. पुढे अर्थशास्त्रात नोबेल मिळवणारे ते हेच. चारही नमुने सारखेच आवडत असते तर प्रत्येकाची बेरीज ५० च्या आसपास राहिली असती. फ्रीडमनच्या सूत्राने इथे १७.२२ हा आकडा येतो, तर ५ टक्क्यांची मर्यादा ७.८१ आहे. म्हणजे चारही सारखे नाहीत, हे नक्की. पण कोण कोणापेक्षा सरस, हे ही चाचणी सांगत नाही. ते जोडीजोडीने पाहावे लागते आणि खरी गंमत तिथेच आहे.

एकाच जोडीसाठीचा सैल निकष लावला तर बेरजांत १६ चा फरक पुरतो. त्याने अ हा क पेक्षा (फरक १९) आणि ड पेक्षा (३१) सरस ठरतो, ब हा ड पेक्षा (२५) सरस ठरतो. पण चार नमुन्यांच्या जोड्या सहा होतात. सहा वेळा नशीब आजमावल्यावर एखादा 'फरक' फुकटात हाती लागण्याची शक्यता ५ टक्के राहत नाही, ती २६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. सहाही जोड्यांचा एकत्र विचार करणारा ट्युकी धाटणीचा निकष सुमारे २१ चा फरक मागतो. तो लावला की अ आणि क मधला १९ चा फरक गळून पडतो. ड हा अ आणि ब यांच्या मागे आहे, हे दोन्ही निकषांनी टिकते. 'अ हा क पेक्षा सरस' असे पाकिटावर छापायला मात्र आधार उरत नाही.

प्रबंधांतल्या तक्त्यांखाली 'सी. डी.' म्हणून जो आकडा असतो, तो बहुतेक वेळा पहिल्या, सैल जातीचा असतो. दोन-तीन नमुन्यांत तो चालून जातो. आठ-दहा नमुन्यांच्या तक्त्यात तो फार उदार होतो.

चाचण्या वाढल्या की

रंग, वास, मऊपणा, चव आणि एकूण पसंती असे पाच गुण तपासले आणि प्रत्येकात सहा जोड्या पाहिल्या तर तुलना तीस होतात. सगळ्या भाकऱ्या एकाच पिठाच्या असल्या आणि तुलना एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तरी तिसांत किमान एक खोटा फरक सापडण्याची शक्यता सुमारे ७९ टक्के असते. बोनफेरोनी पद्धत यावर सरळ उपाय सांगते: ५ टक्क्यांना तिसाने भागा. प्रत्येक तुलनेला मग ०.१७ टक्के एवढी कडक चाळणी लागते. ती इतकी बारीक असते की खरे फरकही अडकून पडतात. शिवाय हे पाच गुण स्वतंत्र नसतातच. टम्म फुगलेली, पांढरीशुभ्र भाकरी दिसली की लोक तिला चवीलाही चढे गुण देतात. त्यामुळे १९७९ ची होल्म पद्धत बरी. तीत सर्वांत ठळक फरकाला सर्वांत कडक निकष लागतो आणि पुढे तो पायरीपायरीने सैल होतो. नमुने डझनावारी असतील आणि पुढे पुन्हा तपासणी होणारच असेल, तर १९९५ ची बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धत चालते. ती सापडलेल्या फरकांपैकी खोट्यांचे प्रमाण आटोक्यात ठेवते.

सगळ्यांत स्वस्त उपाय मात्र गणिताआधीचा आहे. मुख्य प्रश्न कोणता, हे चाखण्याआधी कागदावर लिहून ठेवायचे. निर्णय एकूण पसंतीवर घ्यायचा ठरला असेल तर बाकी चार गुण कारण समजण्यासाठी, जाहिरातीसाठी नव्हे.

दिवस वाढवण्यातही एक सापळा आहे. बारा जणांनी तीन दिवस चाखले म्हणजे छत्तीस माणसे होत नाहीत, माणसे बाराच राहतात. त्यांची तीन-तीन उत्तरे एकमेकांशी बांधलेली असतात. विश्लेषणात 'दिवस' हा घटक आणि 'माणूस गुणिले नमुना' हा परस्परसंबंध दोन्ही धरावे लागतात. हा दुसरा आकडा मोठा आला तर थांबून पाहावे. निम्म्यांना मऊ भाकरी आवडते, निम्म्यांना कडक, आणि सरासरी दोघांचीही ६.५ अशी स्थिती असू शकते. तेव्हा नमुने 'सारखे' नसतात, खाणारे दोन तऱ्हेचे असतात.

वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे एका बेरजेत मिसळायचे नसतात. त्रिकोण चाचणी सरावलेल्या लोकांकडून करून घेतात, पसंती मात्र रोज भाकरी खाणाऱ्यांकडून. पिठाच्या गिरणीतल्या जाणकाराची जीभ फरक टिपते, पण त्याची आवड म्हणजे गिऱ्हाइकाची आवड नव्हे.

मांडणीतही काळजी लागते. नमुन्यांना नावाऐवजी तीन आकडी संकेत द्यायचे, कारण 'मालदांडी' असे लिहिलेले वाचले की गुण आपोआप वाढतात. पहिल्या घासाला भुकेमुळे जास्त गुण पडतात, म्हणून चाखण्याचा क्रम फिरवायचा. चार नमुन्यांसाठी अबडक, बकअड, कडबअ, डअकब हे चार क्रम पुरतात. त्यांत प्रत्येक नमुना प्रत्येक जागी एकदा येतो आणि प्रत्येक नमुन्याच्या लगेच मागून उरलेले तिन्ही एकेकदा येतात. वीस जणांना हे क्रम पाच-पाच वाटता येतात. भाकऱ्या एकाच हाताच्या, एकाच तव्यावरच्या हव्यात, नाहीतर मोजमाप पिठाचे न होता थापणारीचे होते. हुरड्यात हे आणखी कठीण, कारण तो निवला की चव उतरते.

उरला 'फरक आढळला नाही' हा निकाल. त्याचा अर्थ 'फरक नाही' असा सर्रास लावला जातो आणि स्वस्त पीठ मिसळणाऱ्याला तो सोयीचा असतो. समजा, खाणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांना फरक खरोखर कळतो. बाकीच्यांचे अंदाज धरून बरोबर उत्तरांचे प्रमाण ५३ टक्के होईल. तरीही २४ जणांच्या त्रिकोण चाचणीत १३ चा टप्पा गाठला जाण्याची शक्यता निम्म्याहून थोडीच जास्त, सुमारे ५५ टक्के आहे. नवे पीठ जुन्यासारखेच आहे असा दावा करायचा असेल, तर किती टक्के लोकांना फरक कळलेला चालेल हे आधी ठरवावे लागते आणि मग चाखणाऱ्यांची संख्या त्या हिशेबाने, बऱ्याचदा दुपटीहून जास्त, वाढवावी लागते.